इतवारी, सोमाजी, दसरू आणि रोजचे दोन जीबी

धनराज सहारे सरांचा स्वभावच असा, की बंद पडलेल्या वस्तूकडे ते ढुंकूनही पाहत नसत. चालू असलेली वस्तू मात्र त्यांना उघडून बघावीशी वाटे. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, पंखा एवढा गुपचूप कसा फिरतो हे पाहण्यासाठी त्यांनी तो खोलला, आणि तो सगळा उन्हाळा रंजीताबाईंनी सुपाने वारा घेत काढला. धानोऱ्यापासून सात किलोमीटरवरच्या जांभूळटोल्याच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवतात, आणि विज्ञानाच्या मास्तराला जिज्ञासा असायलाच पाहिजे, हे त्यांचं यावरचं ठरलेलं उत्तर. रंजीताबाईंचं म्हणणं एवढंच, की जिज्ञासा असू द्या, पण काढलेले स्क्रू वाटीत ठेवत जा.

शाळेच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद सरांनी एकदा चिमट्याने काढला होता. तेव्हापासून शाळेचं कॉम्प्युटरचं सगळं काम त्यांच्या गळ्यात पडलं. शिष्यवृत्तीचा प्रोग्रॅम फक्त जुन्या पद्धतीच्या कॉम्प्युटरवर चाले, हजेरीचा फक्त नव्या पद्धतीच्या, आणि सरांच्या घरी कॉम्प्युटर एकच. मग एका व्हिडिओत त्यांना कळलं, की एकाच कॉम्प्युटरच्या पोटात आणखी तीन-चार कॉम्प्युटर मांडता येतात. त्यांना हात लावता येत नाही, पण काम ते अगदी खऱ्यासारखं करतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. पेटी एक आणि बिऱ्हाडं तीन! सरांनी त्याच रविवारी पहिलं बिऱ्हाड बसवलं. पडद्यावर नाव विचारलं गेलं तेव्हा आपल्या भागाच्या रीतीप्रमाणे, रविवारी जन्मला म्हणून त्यांनी ‘इतवारी’ लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी नव्या पद्धतीचा झाला, तो सोमाजी. तिसऱ्याची खरं तर कोणालाच गरज नव्हती, पण तो फुकट मिळत होता. तो बुधवारी झाला. पण ‘बुधा’ हे सरांच्या मोठ्या साळ्याचं नाव पडलं आणि साळा रागीट, म्हणून दसरा लांब असूनही त्याचं नाव दसरू ठेवलं.

सहाऱ्यांच्या घरात नेट येतं ते मोबाइलचं सिम घातलेल्या एका पांढऱ्या डबीतून. रोजचे दोन जीबी मिळतात. ते संपले की नेट बंद पडत नाही, मुंगीच्या पावलांनी चालतं. आजवर ते दोन जीबी रात्री झोपेपर्यंत पुरून उरत. तिघं नांदायला आले आणि चौथ्या दिवशी सकाळी सव्वानऊलाच मेसेज आला: आपला आजचा डेटा पूर्ण वापरला गेला आहे. सरांचा तोवर चहासुद्धा झाला नव्हता.

आता यात एरवी काही बिघडलं नसतं. पण रंजीताबाईंची परीक्षा तोंडावर आली होती. रंजीताबाई अंगणवाडी सेविका. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं आणि कॉलेज सुटलं. ते त्यांनी वीस वर्षांनी घरबसल्या पुन्हा धरलं, बी.ए. पुरं केलं, आणि आता एम.ए.च्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती. पंचवीस मार्च, सकाळी साडेअकरा, नेटवरून. परीक्षक दोन, दोघेही नागपुरात. नेट तुटलं आणि पाच मिनिटांत परत जोडलं गेलं नाही, तर गैरहजर. मग थेट पुढल्या वर्षी. तीन तारखेला मार्गदर्शक मॅडमनी सराव म्हणून कॉल लावला, तर रंजीताबाई पहिल्याच वाक्याला, तोंड उघडं आणि डोळे अर्धे मिटलेले, अशा जागच्या जागी थांबल्या त्या थांबल्याच. मॅडमचा मेसेज आला: ताई, तुमचा फक्त फोटो दिसतोय, आणि तोही चांगला आलेला नाही.

"अजी, तुमचे हे तिघं बंद करा," रंजीताबाई म्हणाल्या.

"बंद केले तर कोण नेटवर काय बोलून राह्यलं होतं, ते कळेल कसं?"

"मले कळाचं नाई. मले परीक्षा द्यायची आहे."

"अन् शाळेचं काम? ते या दोघांवरच चालते. बावीस दिवस आहेत, रंजी. एकेकाले गप्प करतो. शब्द देतो."

रंजीताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. असा शब्द त्यांना पंख्याच्या वेळीही मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर कॉम्प्युटरपुढे बसून, कोणाच्या वाट्याला किती गेलं हे मोठमोठ्याने वाचत होते. "इतवारीनं एकट्यानं पाचशे खाल्ले! सोमाजीनं आठशे! अन् या दसरूले तं मी आता उपाशीच ठेवतो, बाहेर पडूच देत नाई!" कुंपणापलीकडे रुखमाबाई चटईवर मोहफुलं वाळत घालत होत्या. त्यांनी फुलं तशीच टाकली. दुपारपर्यंत टोलीभर, सगळ्या वस्तीत झालं, की सहारे मास्तरांनी घरात तीन माणसं ठेवली आहेत, ती पाचशे-आठशे काहीतरी खातात, आंघोळीलासुद्धा बाहेर येत नाहीत, आणि त्यातल्या एकाला मास्तर कोंडून मारणार आहे.

संध्याकाळी पोलीस पाटील बापूराव हजर. हातात भाडेकरूंच्या माहितीचा फॉर्म. आपल्याकडे घरात नवा माणूस आला आणि नोंद झाली नाही, तर पहिला जाब पोलीस पाटलाला द्यावा लागतो.

"जय भीम, सर. माह्या मनात काई नाई. पन तीन मानसं म्हनजे तीन फॉर्म."

"जय भीम. माणसं नाहीत, बापूराव. मशीन आहेत."

"मंग नावं मानसाईची काऊन?"

सरांनी त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं, इतवारी उघडून दाखवला, मग सोमाजी, मग दसरू. बापूरावांनी तिघांनाही नीट न्याहाळलं आणि पेटीच्या मागे वाकून पाहिलं. "म्हनजे राहतात इथीच, पन दिसत नाई," त्यांनी हळूच म्हटलं आणि फॉर्म पुढे सरकवला. शेवटी तडजोड अशी झाली, की फॉर्म एकच भरायचा आणि तिघांना एक कुटुंब धरायचं. मूळ गाव: कॉम्प्युटर. व्यवसाय: शासकीय फॉर्म भरणे. वय: एक आठवडा. आधार क्रमांकापुढे सरांनी ‘प्रतीक्षेत’ लिहिलं. बापूरावांनी सही घेतली, चहा घेतला, आणि जाताना दारातून आत वळून, कोणाला उद्देशून ते कळलं नाही, पण नमस्कार केला.

सरांचा अपमान झाला, असं सरांना वाटलं. पण त्याच गडबडीत त्यांना गुरू भेटला. पलीकडच्या आळीतले नथ्थूभाऊ मडावी, तेहेतीस वर्षं वनरक्षक होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी कोणी घरात चप्पल घालून आलं तर ते अजून आधी पावलांचे ठसे बघतात. तिघा अदृश्य भाडेकरूंची बातमी ऐकून ते मुद्दाम आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सरजी, कोनतं जनावर आहे हे पाहाचं असन तं जंगलभर हिंडाचं नसते. पान्यावर बसाचं. कितीबी लबाड जनावर असन, पानी प्याले येतेच. तुमचा पानवठा कोनता?"

सरांनी पांढऱ्या डबीकडे बोट दाखवलं.

झालं. दुसऱ्या दिवसापासून डबीसमोर दोन खुर्च्या लागल्या. सरांनी एक प्रोग्रॅम मिळवला होता. नेटवरून जाणारं-येणारं सगळं बोलणं तो ओळीने लिहून दाखवतो. सर वाचत, नथ्थूभाऊ वहीत नोंद करत. वहीत रकाने त्यांच्या सवयीचे: वेळ, कोण आलं, किती प्यालं, नर की मादी. शेवटचा रकाना सरांनी खोडायला लावला, तर नथ्थूभाऊंनी वेळेपुढे बारीक अक्षरात तो पुन्हा आखला.

आणि इथे सरांचं चुकलं. तिघांना गप्प करायला बसलेला माणूस तिघांचं ऐकतच बसला. ऐकण्यासारखंच होतं ते! सोमाजी दर काही मिनिटांनी घरभर ओरडून विचारी: इथे कोणाकडे छापायचं यंत्र आहे का? घरात छापायचं यंत्र नाही, कोणी उत्तर देत नसे. तो थोडा थांबून पुन्हा विचारी. इतवारीला वेगळीच काळजी: माझ्या नावाचा दुसरा कोणी आहे का इथे? दसरू सगळ्यांत सभ्य. तो कुठल्या तरी लांबच्या देशात चौकशी करी, की किती वाजले. आणि तिघंही अधूनमधून, काही काम नसताना, बाहेर एक बारीकशी हाक घालून बघत, की बाहेर अजून जग आहे ना. आहे म्हटलं की गप्प. थोड्या वेळाने पुन्हा.

"काय बोलून राह्यला?" नथ्थूभाऊ विचारत.

"काई नाई. कोणी आहे का, म्हणते."

"म्हनजे जोहार करून राह्यला." आणि ते वहीत लिहीत: सोमाजी, दहा वाजून चार मिनिटं, जोहार.

पहिल्या दिवशी एकूण एक हजार चारशे जोहार झाले. सरांच्या लक्षात आलं, की घरातल्या घरात चालणारं हे बोलणं फुकट असतं. डेटा जातो तो बाहेर गेलेल्यावर. आणि बाहेरचं म्हणावं, तर घरातल्या तिघांनी मिठासाठी तीनदा वेगवेगळं धानोऱ्याला जावं, आणि चौथ्यांदा घरमालकानेही जावं, तसा प्रकार होता: जी ती मशीन आपापली नवी दुरुस्ती स्वतंत्रपणे उतरवून घेत होती, कोणी कोणाला विचारत नव्हतं. दुपारी रंजीताबाईंनी भाताची हाक दिली, तेव्हा सर म्हणाले, "थांब, इतवारी काईतरी विचारून राह्यला." रंजीताबाई थांबल्या नाहीत. प्रकल्पाची बांधलेली प्रत त्यांनी त्याच टेबलावर, डबीच्या शेजारी वाचायला ठेवली होती. नथ्थूभाऊंना वही तिच्यावर ठेवून लिहायला बरं पडे.

असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी सरांनी इलाज सुरू केले. दुरुस्त्या बंद केल्या, तर सोमाजीने पडदाभर लाल पाटी लावली, की आपण धोक्यात आहात. ती पाटी काढायला जो प्रोग्रॅम उतरवला, तो दुरुस्तीपेक्षा मोठा निघाला. मग वेळ विचारणं बंद केलं. सोमाजीला सर झोपवून ठेवत आणि लागेल तेव्हा उठवत. आता रविवारी झोपवलेला मंगळवारी उठवला, तर त्याच्या लेखी रविवारच चालू. सरांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांनी शाळेची हजेरी भरून टाकली.

गुरुवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. वरून पत्र आलं होतं: रविवारी शाळा कोणाच्या परवानगीने भरवली? आणि भरवली तर दोनशे अकरापैकी दोनशे नऊ विद्यार्थी हजर कसे? इतकी हजेरी शाळेच्या इतिहासात कधी झाली नव्हती.

"लेखी खुलासा द्या, सहारे."

सरांनी खुलासा लिहिला. त्यांना खोटं जमत नाही, त्यामुळे पहिलंच वाक्य होतं: ‘सदर दिवशी सोमाजी यांस वार कळत नव्हता.’ मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं. मग शिक्षकांचा मस्टर काढला, शिपायांचा काढला. "हा सोमाजी आपल्याकडे कधी लागला?" बावीस वर्षांच्या नोकरीत सरांवर एक ठपका नव्हता, आणि आता तो आला तोही सोमाजीमुळे. ते घरी आले, जेवले नाहीत, आणि सोमाजीशी दोन दिवस बोलले नाहीत. म्हणजे त्याला उघडलाच नाही.

आठ दिवस उरले. रंजीताबाई आरशापुढे उभं राहून उत्तरं पाठ करत आणि सर आले की थांबत. सर घाबरले. त्यांनी नेटवर जाणकारांच्या एका चौकात आपला प्रश्न मांडला. कोणा भल्या माणसाने दोनच ओळींत उत्तर दिलं: प्रत्येक मशीनची केबल काढा. एवढंच.

सरांनी पक्कड घेतली. डबीला केबल नव्हतीच, पण जिज्ञासू माणसाला एवढ्यातेवढ्याने अडत नाही. घराच्या मागच्या भिंतीवरून एक काळी तार गेलेली होती. ती कुठून येते आणि कुठे जाते, हे कुतूहल त्यांना सात वर्षांपासून होतं. त्यांनी शिडी लावली, तार पकडीत धरली आणि कापली. त्याबरोबर कुंपणापलीकडून रुखमाबाईंचा आवाज आला. "अगा बापा! सासू जहर घालूनच राह्यली होती, अन् गेली!"

ती रुखमाबाईंच्या डिशची तार होती. छपरावर जायला दुसरी वाट नव्हती म्हणून त्यांच्या मुलाने ती सहाऱ्यांच्या भिंतीवरून नेली होती, आणि सात वर्षांपूर्वी सरांनीच हो म्हटलं होतं. तार जोडणारा माणूस वडशाहून येतो, आणि तो तेव्हा झाडीपट्टीच्या नाटकमंडळीच्या लाउडस्पीकरबरोबर हिंडत होता. आठवड्याआधी येणं नाही. "मास्तर, सासूनं जहर घातलं का नाई, ते मले कोन सांगन?" रुखमाबाईंनी डोळ्याला पदर लावला. सरांच्यानं पाहवेना. त्यांनी रुखमाबाईंच्या मोबाइलवर ती मालिका लावून दिली आणि आपल्या नेटचा पासवर्ड घालून दिला. आता दोन जीबीवर चौथं तोंड आलं. जहर घातल्याचं कळलं, पण ते सुनेने प्यायलं की नाही, ते उद्यावर गेलं.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना ती केबल सापडली. इतवारीच्या सेटिंगमध्ये, अगदी खाली, एक छोटा चौकोन होता. त्यात बरोबरची खूण आणि पुढे लिहिलेलं: केबल जोडलेली आहे. खोटी मशीन, खोटी केबल. खुणेवर एकदा बोट दाबलं की केबल निघाली! सरांनी इतवारीची काढली, सोमाजीची काढली, दसरूची काढताना जरा थांबले आणि काढली. शाळेला काही पाठवायचं असेल, तेव्हा दोन मिनिटं खूण करायची आणि परत काढायची. इतकं सोपं. प्रोग्रॅममधल्या ओळी सरकायच्या थांबल्या. छापायचं यंत्र कोणी मागेना, किती वाजले कोणी विचारेना. सरांना बरं वाटायला हवं होतं, पण घर सुनं सुनं वाटलं. "आता पाहा," ते रंजीताबाईंना म्हणाले. "शब्द पाळला का नाई?"

साडेदहाला मेसेज आला: आपला आजचा डेटा पूर्ण वापरला गेला आहे.

सर खाली बसले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. रुखमाबाईंची मालिका मोजली, ती थोडकीच निघाली. परीक्षेला दोन दिवस राहिले, आणि तेव्हा नथ्थूभाऊ वही काखेत मारून आले. त्यांनी चप्पल बाहेर काढली, खुर्चीवर बसले आणि वही मांडीवर उघडली.

"सरजी, राग नोका मानू. मी मांगचे समदे पानं पुन्हा पाह्यले. डबीवर नावानिशी हिशोब निंगते, थो तुम्हीच दाखवला होता मले. इतवारी प्याला, सोमाजी प्याला, समदे प्याले. पन पह्यल्या दिवसापासून आजवर सगळ्यात जास्त पानी जो प्याला, थो दुसराच आहे."

"कोण?"

नथ्थूभाऊंनी वही पुढे केली. तिथे लिहिलं होतं: ‘धनराज यांचा मोबाइल’. रोज सव्वा ते दीड जीबी, आणि तिघांच्या केबली निघाल्यापासून जवळजवळ दोन. पुढे बारीक अक्षरात: नर.

त्याचं असं होतं, की नेट वाचवायचं कसं याचे व्हिडिओ सर रोज पाहत होते. चहा पिताना, न्हाणीघरात, डबीसमोर बसल्या बसल्या. ‘व्हर्च्युअल मशीनचा नको असलेला ट्रॅफिक कमी करण्याचे अकरा उपाय’, चाळीस मिनिटांचा, एकदम स्वच्छ चित्राचा. एक संपला की त्याच्या मागे दुसरा आपोआप सुरू होई, आणि सर मोबाइल खिशात टाकून मशीनचं बोलणं ऐकायला बसले, तरी तो खिशात चालूच राही.

"वाघ पाहाले गेलो," नथ्थूभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "अन् पानी तं मोजनाऱ्यानंच संपवलं."

रंजीताबाई दारात उभ्या होत्या. त्या हसल्या असत्या तरी चाललं असतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला. सरांनी मोबाइल दिला. त्यांनी तो बंद केला, स्वयंपाकघरात नेला आणि तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून पुरला.

पंचवीस तारखेला सरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अकरा वाजता डबीत जवळजवळ पूर्ण दोन जीबी होते. नथ्थूभाऊ फाटकाशी खुर्ची टाकून बसले, कोणी मोटारसायकल घेऊन आलं तर ढकलत नेण्याचा हुकूम द्यायला. रुखमाबाईंनी आपण होऊन मोबाइल बंद केला. सून त्या दिवशी शुद्धीवर यायची होती, तरी केला. सर साडेअकराला पाच मिनिटं असताना आत गेले आणि विचारलं, नेट आहे ना? तीन मिनिटं असताना पुन्हा गेले. एक मिनिट असताना दारापाशी पोचले, तेव्हा आतून कडी लागली.

"दर दोन मिनिटांनी येऊन राह्यले," आतून आवाज आला. "सोमाजीपरीस तुम्ही जास्त."

सर निमूट घराला वळसा घालून खिडकीखाली जाऊन बसले. शेजारी रुखमाबाई येऊन टेकल्या. आत परीक्षकांचा आवाज आला. स्पष्ट, न तुटता.

"ताई, तुमचा विषय आहे ‘तेंदू फळीवरील स्त्रियांचं संभाषण’. फळी म्हणजे विडीसाठीची पानं मोजून घ्यायची जागा, हे मी वाचलं. पण संभाषण म्हणजे शेवटी बायकांच्या गप्पाच ना? त्यात अभ्यासण्यासारखं काय आहे?"

आत सगळं शांत झालं. एक, दोन, तीन. नेट गेलं! सर ताडकन उठले, खिडकीकडे तोंड केलं, ‘रंजी, आवाज येते का’ म्हणायला ओठ उघडले. तेवढ्यात मोहफुलांचा वास असलेला एक हात त्यांच्या तोंडावर गच्च बसला. रुखमाबाईंनी त्यांना खाली ओढलं. नेट गेलं नव्हतं. रंजीताबाई विचार करत होत्या.

"सर, पहाटे पाचला पानं तोडायला जाणाऱ्या बाईला, अस्वल कोणत्या बाजूला आहे, हे कोणी कागदावर लिहून देत नाही. ते तिला आदल्या संध्याकाळी फळीवर कळतं. कोणाच्या लेकराला ताप आहे, कोण आज आली नाही आणि का आली नाही, तेही तिथंच. वरून ऐकलं तर फक्त ‘काय गं, आली का’ एवढंच ऐकू येतं. तेच त्या दिवसातून शंभर वेळा म्हणतात. पण जी ‘आले’ म्हणत नाही, तिला शोधायला मग चार जणी निघतात. मी अकरा संध्याकाळी जाऊन बसले होते, सर. पहिले तीन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही, कारण मी लिहीत होते. चौथ्या दिवशी वही ठेवली आणि त्यांच्यात पुडे बांधायला बसले. सत्तर पानांचा एक पुडा. त्यानंतर बोलल्या."

रुखमाबाईंनी सरांच्या तोंडावरचा हात काढला. काढायची गरज होती असंही नाही, कारण सर आता बोलणार नव्हते. गेल्या मे महिन्यातल्या त्या अकरा संध्याकाळी त्यांना आठवत होत्या. त्या संध्याकाळी वरण उशिरा झालं होतं, एवढंच त्यांना आठवत होतं. बायको कुठे जाते, काय करून येते, हाताला कसले डाग आहेत, यातलं काही त्यांनी विचारलं नव्हतं. तीन खोट्या मशीन काय बोलतात, हे त्यांनी दिवसचे दिवस कान लावून ऐकलं, आणि त्याच टेबलावर तो प्रकल्प पडलेला होता, वहीला टेका म्हणून. सरांना लाज वाटली. चांगली दणदणीत वाटली. ते खिडकीखाली मांडी घालून बसले आणि पुढची पस्तीस मिनिटं त्यांनी बायकोचं बोलणं ऐकलं. इतकं सलग त्यांनी ते चोवीस वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यातल्या निम्म्या गोष्टी त्यांना नव्या होत्या.

सव्वाबाराला कडी निघाली. रंजीताबाई ओसरीवर आल्या. पदराने कपाळ पुसलं. फाटकावरून नथ्थूभाऊ ओरडले, "पास का जी, बाई?" रुखमाबाईंनी विचारलं, "आता मोबाइल चालू करू का?"

"झालं चांगलं," रंजीताबाई म्हणाल्या. "मोठे सर म्हनाले, याच्यावर पुढंही काम करा. निकाल मागून येईन." मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. आता हे विचारतील, नेट किती उरलं.

सर पायरीवर बसले होते. घसा खाकरून म्हणाले, "रंजी, पुड्यात सत्तरच पानं काऊन बांधतात? पन्नास काऊन नाई?"

रंजीताबाईंनी वाकून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"ते कोनालेच माहीत नाई. मी अकराही संध्याकाळी विचारलं. अकरा बायाईनं अकरा वेगवेगळे कारनं सांगितले."

"कोनते कोनते?" सर म्हणाले, आणि त्यांच्यासाठी पायरीवर जागा केली.